मागच्या गल्लीतलं दार

त्या कारखान्यात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. काजं करणारी, म्हणून काजताई. टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर बत्तीस मशिनं होती, त्यातलं खिडकीजवळचं तिचं. शाळांचे, दवाखान्यांचे, शिपायांचे गणवेश तिथे शिवले जात. कापड बेतायचं मास्तरांनी, टिपा मारायच्या मुलींनी, आणि सगळ्यात शेवटी शर्ट तिच्यापुढे यायचा. टीप चुकली तर उसवता येते. काज चुकलं तर कापडाला भोक पडलेलं असतं, शर्ट गेलाच. म्हणून ते काम कुणाच्याही हाती देत नसत. अकरा वर्षांत तिचे बिघडलेले शर्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मालकीणबाई नव्या मुलींना तिच्याजवळ उभं करायच्या आणि म्हणायच्या, हिचं तोंड चालतं, पण हात त्याहून जास्त चालतो.

तोंड चालायचंही खरंच. कुणाचं लग्न ठरतंय, कुणाची सासू छळतेय, कुणाच्या पोराच्या डोक्यात गणित शिरत नाही, सगळं तिच्या मशीनपाशी येऊन पडायचं. ती ऐकायची, एखाद्याची टोपी उडवायची, चार बायका हसायच्या. गावभरच्या बातम्या ठेवणाऱ्या या बाईला आपल्याच घरात सहा वर्षं काय नांदतंय याची मात्र कानोकान खबर नव्हती.

तिचा नवरा घरोघरी सामान पोचवणारी व्हॅन चालवायचा. नाकासमोर चालणारा, मोजकं बोलणारा माणूस. थंडीच्या तोंडाला त्याला खोकला लागला तो जाईना. दोन महिन्यांत तिने त्याची पँट दोनदा आवळून दिली. तिसऱ्यांदा आवळायची वेळ आली तेव्हा तिने पँट बाजूला ठेवली आणि त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. क्षयरोग निघाला. पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी नवऱ्याला विचारलं, यांना तुम्ही सांगता की मी सांगू?

त्याने सांगितलं. पलंगाच्या लोखंडी कडेकडे बघत सांगितलं. सहा वर्षांपूर्वी त्याने कुणासाठी तरी रक्त दिलं होतं आणि रक्तपेढीतून फोन आला होता. एचआयव्ही. कुठून आला तेही त्याने लपवलं नाही. लांबच्या गाड्यांवर होता तेव्हाची चूक. त्यानंतर सबबी सांगून त्याने बायकोला जपलं, गोळ्या सुरू केल्या. व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून त्या व्हॅनमध्ये ठेवायचा. चार वर्षं एक दिवस चुकला नाही. रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला होता. मग त्याच्या थोरल्या भावाला त्याच दवाखान्यात पहारेकऱ्याची नोकरी लागली आणि खुर्ची मिळाली मागच्या फाटकाशी. गोळ्या ज्या खोलीत मिळायच्या, तिचं दार त्या खुर्चीतून सरळ समोर दिसायचं. त्या महिन्यापासून तो गोळ्या आणायला गेला नाही. याला आता दोन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिचं रक्त तपासलं. तिलाही होता. लेकीचं तपासलं, नऊ वर्षांची पोर, तिला काही नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी काजताईचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, त्या वेळच्या कागदावर तिचं रक्त स्वच्छ होतं. म्हणजे जे झालं ते या दोन वर्षांत. दवाखान्यातल्या समुपदेशक बाई, म्हणजे अशा रोग्यांना समजावून सांगायला नेमलेल्या बाई, तिला सगळं नीट सांगत होत्या. ही गोळी रोज एक, न चुकता, नातवंडं बघाल. काजताईने एकच गोष्ट विचारली. यांनी गोळ्या सोडल्या नसत्या तर? बाई म्हणाल्या, तर हा आजार तुमच्यापर्यंत पोचला नसता. गोळ्या चालू असताना विषाणू इतका दबतो की नवऱ्याकडून बायकोला जात नाही. काजताईने तेच पुन्हा विचारलं. बाईंनी तेच उत्तर पुन्हा दिलं.

पुढचे अकरा दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. घरी त्याच्यापुढे ताट वेळेवर जायचं, चादर बदलली जायची, पण निरोप सगळे लेकीमार्फत. बाबांना सांग, गोळी घ्या. बाबांना विचार, ताप आहे का. शेवटी लेक वैतागून म्हणाली, आई, बाबांना ऐकू येतं गं.

बाराव्या दिवशी लेक शाळेत असताना ती त्याच्या पलंगाशी बसली.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू निघून गेली असतीस."

"गेले असते की राहिले असते ते मी ठरवलं असतं. तुम्ही माझ्या वाटणीचा निर्णयही घेतलात आणि माझ्या वाटणीची गोळीही चुकवलीत."

त्याने पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाला, "तुमच्या कारखान्यात इस्त्रीला एक मुलगी होती. तिच्या भावाला हे झालं होतं. तिचं तू घरी येऊन काय सांगितलं होतंस, आठवतंय?"

तिला आठवलं. चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या मुलीच्या भावाचं कळल्यावर बायकांनी तिच्या बाटलीतलं पाणी घेणं सोडलं होतं, आणि त्यांत काजताई पहिली होती. ती मुलगी जवळून गेली की बायका पदर कशा सावरून घेतात, याची नक्कल तिने घरी जेवताना करून दाखवली होती. लेक खूप हसली होती. नवरा मान खाली घालून जेवत होता. महिन्याभराने ती मुलगी काम सोडून गेली.

काजताई उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि रडली. नवऱ्यावरचा राग गेला नाही, तो पुढे वर्षभर पुरला. पण त्या दिवसापासून तो राग एकट्या नवऱ्यावर ठरेना. नवऱ्याच्या शेजारी तिला फाटकावरचे दीर बसलेले दिसत, जाऊबाई दिसत, आणि ती स्वतःही दिसे, पदर सावरणारी. ती घर सोडून गेली नाही ती त्यामुळे, असं ती पुढे सांगायची.

गोळ्या घ्यायला त्या खोलीत जायची तिची पहिली वेळ होती. दवाखान्याच्या पुढच्या दाराने रोज चारशे माणसं आत-बाहेर करत. पण या आजाराच्या तपासणीची आणि गोळ्यांची ही खोली इमारतीच्या मागे, जनरेटर आणि धोबीखान्याच्या मधोमध, दार गल्लीत उघडणारं. दारावर लाल अक्षरांत पाटी. समोर सायकलदुरुस्तीचं दुकान आणि त्यापुढे बाक. त्यावर दिवसभर कुणी ना कुणी बसलेलं. गल्लीच्या तोंडाशी दिरांची खुर्ची. काजताई सायकलच्या दुकानात टांगलेल्या ट्यूबा बघत वीस मिनिटं उभी राहिली. दुकानदाराने शेवटी विचारलं, कितीची हवी? तिला सायकल येत नव्हती, आणि घरात एकही सायकल नव्हती. ती तशीच वळली आणि त्या दाराने आत गेली. बाहेर आली तेव्हा दीर तिच्याकडे बघत होते. तिने पदर नीट केला आणि त्यांना म्हणाली, भाऊजी, आत जरा वेळ लागतो. त्यांनी मान वळवली.

बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोचली. दोन्ही घरांचा सज्जा एकच होता. जाऊबाईंनी कपडे वाळत घालायची दोरी दुसऱ्या टोकाला बांधली. दोन दिवसांनी त्या आल्या, दारातच उभ्या राहिल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. लेक झाली त्या बाळंतपणात काजताईजवळ रात्रंदिवस बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, झालं ते झालं, पण तू आता तोंड बंद ठेव. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मुठीत विंचू असला तर, वहिनी?" काजताईने विचारलं. "झाकून ठेवला तर तो आपल्यालाच चावतो. तुमच्या दिरांनी दोन वर्षं मूठ झाकली. चावला कुणाला ते बघताय ना?"

जाऊबाई दारातूनच परत गेल्या.

कारखान्यात बातमी दुसऱ्या वाटेने आली, पण आली. तिची कात्री कुणी मागेना. तिच्या मशीनवरून आलेले शर्ट मुली दोन बोटांनी उचलू लागल्या. इस्त्रीवालीचं झालं तेव्हा निदान पाण्याचीच भीती होती. इथे तर दिवसभर सुया. प्रत्येकीच्या बोटाला कधी ना कधी सुई लागलेली. मालकीणबाईंनी तिला बोलावलं, खुर्ची दिली, आणि खूप आढेवेढे घेत सुचवलं की काही दिवस घड्या घालायला बसावं. काजताई म्हणाली, बसते. पण त्याआधी जेवणाच्या सुट्टीत मला पाच मिनिटं द्या.

ती बोलणार म्हटल्यावर सगळी मशिनं बंद झाली. एरवी जेवणाच्या सुट्टीतही दोन-तीन चालू असत. तिने काहीही झाकलं नाही. नवऱ्याचं सांगितलं, स्वतःचं सांगितलं, गोळीची बाटली काढून दाखवली. सुईचं ती आधीच समुपदेशक बाईंना विचारून आली होती. शिवणाच्या सुईने हा आजार कुणाला झाल्याचं त्या बाईंच्या ऐकिवातही नव्हतं. शरीराबाहेर तो विषाणू फार तग धरत नाही. पाण्याने, कपाने, कात्रीने, शर्टाला हात लावून तर नाहीच नाही. मग तिने इस्त्रीवाल्या मुलीची गोष्ट काढली आणि स्वतःचं नाव घेऊन सांगितली. त्या बाटलीला पहिली नाही म्हणणारी मी, ती म्हणाली, आणि मी घरी जाऊन नक्कल केली तेव्हा माझा नवरा समोर बसून ऐकत होता.

एका मुलीने विचारलं, "पण ताई, तुम्हाला नक्की कशाने झाला?"

"नवऱ्यापासून झाला. पण नवऱ्याच्या अंगात तो बांधून ठेवलेला होता. तो सुटला लाजेने. कुणी बघेल, कुणी बोलेल, म्हणून." तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "म्हणजे आपल्यामुळेच म्हणा ना."

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. दोघीजणी उठून हात धुवायला गेल्या. काजताई आठवडाभर घड्या घालत बसली. मग शाळांचे शर्ट आले, सहाशे. दुसऱ्या मुलीने पहिल्या दिवशी चौदा शर्ट बिघडवले, आणि मालकीणबाईंनी स्वतः येऊन काजताईला पुन्हा काजांच्या मशीनवर बसवलं. चांगुलपणाने की गरजेने, हे काजताईने तपासत बसायचं नाही असं ठरवलं. पुढच्या महिन्यात तिची कात्री हळूहळू मागितली जाऊ लागली.

त्या इस्त्रीवाल्या मुलीला ती शोधून काढून भेटली. आता ती एका लाँड्रीत होती. काजताईने दारातच माफी मागितली. मुलगी म्हणाली, भाऊ गेला; त्या गल्लीपर्यंत जायचा आणि परत यायचा. माफीला तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहा मात्र केला, आणि दोघींनी तो प्यायला.

कापड बेतणारे मास्तर बोलले ते त्यानंतर. पन्नाशीचा, कमी बोलणारा, गळ्यात कायम टेप असलेला माणूस. सगळ्या गेल्यावर ते तिच्या मशीनशी आले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या खोलीला दुसरं दार नाही का?" ते तीनदा गल्लीत जाऊन आले होते. एकदा दाराला हातही लावला होता. सायकलवाल्याच्या बाकावर त्यांचा शेजारी बसलेला होता.

दुसरं दार नव्हतं. काजताई त्या रात्रभर तोच विचार करत होती. नवरा, इस्त्रीवालीचा भाऊ, मास्तर, तिघेही त्याच गल्लीतून परत फिरले. दवाखान्याने दार वेगळं केलं होतं ते कुणाला कळू नये म्हणून, आणि त्या दारामुळेच सगळ्यांना कळत होतं.

शनिवारी कारखाना दुपारी सुरू व्हायचा. सहा शनिवार ती सकाळी सायकलवाल्याच्या बाकावर जाऊन बसली. शिंप्याच्या खडूने पिशवीवर रेघा ओढायची. दाराकडे येणाऱ्यासाठी एक उभी रेघ, आत गेला तर तिच्यावर आडवी. लोक कसे येतात ते तिला कळू लागलं. फोनवर बोलत येतात, पण फोन बंद असतो. बुटाची नाडी बांधायला वाकतात. धोबीखान्याचा पत्ता विचारतात. सहा शनिवारांत एकसष्ट माणसं आली. आत गेली बावीस.

ती पिशवी घेऊन ती दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरांकडे गेली. त्या घाईत होत्या. त्यांनी सांगितलं की दार वेगळं ठेवलंय ते तुमच्यासाठीच, गुप्तता राहावी म्हणून.

"डॉक्टर, पुढच्या दाराने चारशे माणसं जातात," काजताई म्हणाली. "त्यातलं कोण साखर तपासायला जातंय आणि कोण दाढ काढायला, देवालाही कळत नाही. मागच्या दाराने जाणारा प्रत्येक जण एकाच कामाला जातो. आम्हाला त्या गर्दीत मिसळू द्या, तीच आमची गुप्तता."

डॉक्टरांनी पिशवी हातात घेऊन रेघा बघितल्या. मग म्हणाल्या, बघते. 'बघते' म्हणजे काय ते काजताईला ठाऊक होतं. ती पुन्हा गेली. कारकुनाने नियम दाखवले, तर तिने नियम कुणाच्या सहीने बदलतो ते विचारून घेतलं. तपासणीच्या खोलीतल्या माणसाने काम वाढेल म्हणून कुरकुर केली. त्याच्याकडे ती समुपदेशक बाईंना घेऊन गेली. असे चौदा हेलपाटे झाले. पंधराव्या वेळी डॉक्टर तिला दारात बघून म्हणाल्या, आत ये, तुझं काम झालं नाही तर तू माझ्या निवृत्तीलाही येशील.

तीन महिने करून बघायचं ठरलं. रक्त नेहमीच्याच खोलीत घ्यायचं, साखर आणि थायरॉइडच्याच रांगेत, चिठ्ठीवर नाव नाही, आकडा. गोळ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्याच खिडकीवर, तशाच खाकी पाकिटात. समुपदेशक बाईंची खोली पहिल्या मजल्यावर, डोळ्यांच्या आणि दातांच्या खोल्यांमध्ये.

आधी महिन्याला तीसपस्तीस जण रक्त तपासून घ्यायचे. तिसऱ्या महिन्यात एकशे दहा आले. त्यात आजार असलेलेही जास्त निघाले, आणि डॉक्टर घाबरल्या, आजार वाढला की काय. समुपदेशक बाईंनी समजावलं, वाढला नाही, होता तो दिसायला लागला. तीन महिने संपले, पण मागचं दार परत उघडलं नाही.

मास्तर पहिल्याच आठवड्यात जाऊन आले. त्यांना होता. त्यांच्या बायकोला नव्हता. त्यांनी त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. बायको महिनाभर बहिणीकडे जाऊन राहिली आणि परत आली. वर्षाने तिची तपासणी झाली, स्वच्छ. त्या दिवशी ती कारखान्याचे दोन जिने चढून आली, काजताईच्या मशीनशी थोडा वेळ उभी राहिली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली गेली. काजताईला त्या दिवशी दोन शर्ट पुन्हा तपासावे लागले, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

चौथ्या वर्षी डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी सांगितलं की एकाला आजार आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी चव्वेचाळीस जोडपी आता त्यांच्याकडे येतात, आणि त्या वर्षात एकाही घरात आजार दुसऱ्याकडे गेला नाही. म्हटलं तुला आधी सांगावं, त्या म्हणाल्या. काजताईने मशीन थांबवून ऐकलं. मग विचारलं, आणि जे येतच नाहीत, त्यांच्या घरांत?

त्या घरांपर्यंत दवाखाना पोचत नव्हता. म्हणून काजताईने ठरवलं की आता समुपदेशक बाईंना घेऊन माणसं जिथे असतात तिथेच जायचं, आणि सुरुवात व्हॅनच्या थांब्यापासून करायची. हे तिने घरी सांगितलं तेव्हा नवरा बूट पुसत होता. त्या थांब्यावर तो बारा वर्षं उभा होता. कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं, घरात माहीत होतं, पण थांब्यावर त्याने आजतागायत कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी आग्रह केला नव्हता.

"तिथे तू नको बोलूस," तो म्हणाला.

तिला वाटलं, चार वर्षांनी पुन्हा तेच. ती काही बोलणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "तुझं ऐकतील आणि म्हणतील, बिचारी बाई. तिथे मीच बोलतो."

तो बोलला, पण फारसं बरं बोलला नाही. सकाळी आठ वाजता, व्हॅनच्या फळीला टेकून, वीसेक चालकांसमोर. मध्येच अडखळला, एक तारीख चुकवली, हातातल्या किल्ल्या खाली पाडल्या आणि उचलल्या. काजताई मागे उभी होती. तिला प्रत्येक वाक्य त्याच्यापेक्षा चांगलं सांगता आलं असतं, आणि तिने एकदाही तोंड उघडलं नाही. तिच्या ओळखीच्या माणसांना हे सांगूनही खरं वाटत नाही. गोळ्या सोडल्याचं सांगताना तो म्हणाला, मला माझ्या भावाची लाज वाटली, आणि किंमत हिने दिली. मग त्याने खिशातून खाकी पाकीट काढलं, त्यातली गोळी सगळ्यांसमोर पाण्याबरोबर घेतली, आणि कामाला निघायला दार उघडलं.

एक चालक शिवी पुटपुटत आपल्या गाडीकडे गेला. दोघेतिघे उगाच आरसे पुसू लागले. एक तरुण पोरगा मात्र तिथेच घुटमळत राहिला. व्हॅन चालू झाली तशी तो खिडकीशी आला आणि त्याने आवाज खाली आणून विचारलं, रक्त तपासायची ती रांग नेमकी किती वाजता सुरू होते.

"साडेआठला," नवरा म्हणाला. "बस आत. माझा माल त्याच रस्त्याने जातो."